बाहेरून लावलेली कडी

जबाब. दिनांक ३ डिसेंबर २००४, पोलीस ठाणे, पुणे शहर.

सौ. मुक्ताई रामदास शाळिग्राम, वय ६१ वर्षे, व्यवसाय घरगुती वधूवर सूचक मंडळ, राहणार कसबा पेठ, पुणे.

मी वर लिहिलेली मुक्ताई शाळिग्राम, कोणी न बोलावता आणि कोणी न शिकवता, स्वतः ठाण्यात येऊन सांगते ते असे:

कसब्यात आमच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत मी आणि माझे पती राहतो, पुढच्या खोलीत मंडळ चालतं. हे काम मी बावीस वर्षं करते आहे. पूर्वी पेठांमधले लोक यायचे. हिंजवडीकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या निघाल्या आणि वऱ्हाडातून, मराठवाड्यातून मुलंमुली नोकरीला पुण्यात आली, तेव्हापासून बहुतेक तीच येतात. गावाकडे मुलाची चौकशी करायची तर पारावर बसलेला माणूस तीन पिढ्यांचं सांगतो. पुण्यात शेजारच्या फ्लॅटमधलं माणूस गेलं तरी पेपर वाचून कळतं. त्यामुळे या मुलांच्या बाबतीत चौकशी म्हणजे मी.

माझे दोन नियम आहेत. ते मी पहिल्या भेटीतच तोंडी सांगते. जे काही असेल ते मला आधी सांगायचं. कोडाचा डाग, मोडलेला साखरपुडा, बापाची दारू, काहीही असो. ते माझ्या पोटात राहतं. सांगितलेला दोष दोष राहत नाही, लपवलेला राहतो, असं मी लोकांना म्हणत आले. दुसरं असं, की मी "माझा शब्द आहे" म्हटलं तर डोळे मिटून पुढे जायचं आणि "माझा शब्द नाही" म्हटलं तर मागे फिरायचं. कारण विचारायचं नाही. कारण दिलं की पोटातलं बाहेर आलंच. मुक्ताईने कारण न देता नाही म्हटलं म्हणजे काहीतरी भयंकर असणार, हे पेठेत शेंबड्या पोरालाही कळायचं.

हवालदार शेख लिहून घेत आहेत, ते म्हणतात मुद्द्याचं सांगा. मुद्द्याचंच सांगते आहे. हे दोन नियम नसते तर मी आज इथे बसले नसते.

सुदर्शन गावंडे, वय अंदाजे ३३, हा मूळ अकोल्याकडचा. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, वारज्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. सन २००० मध्ये त्याचं पहिलं लग्न मीच जमवलं. मुलगी दीपमाला काळमेघ, तीही वऱ्हाडातलीच, इथे एका ऑफिसात नोकरीला होती. वडील नव्हते. आई गोदाबाई स्वारगेटजवळ भाच्याकडे राहतात. दीपमाला बडबडी होती, माझ्याकडे आली की आधी स्वयंपाकघरात जाऊन डब्यात काय आहे ते बघायची. सुदर्शन कमी बोलणारा, वेळेवर येणारा, चप्पल भिंतीला सरळ लावून ठेवणारा. मला तेव्हा तो फार आवडला होता. मी शब्द दिला.

जानेवारी २००३ मध्ये दीपमाला वारज्याच्या फ्लॅटमध्ये आंघोळ करताना वारली. गॅसचा गिझर होता. थंडीमुळे तिने बाथरूमची झडप लावून घेतली होती, आत हवा राहिली नाही आणि ती गुदमरली, असं सगळ्यांना कळलं. अशा बातम्या पुण्यात दर हिवाळ्यात येतात, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. मी तेराव्याला गेले होते. सुदर्शन कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता आणि गोदाबाई त्यालाच जेवायचा आग्रह करत होत्या.

यंदा दिवाळी झाल्यावर मंगळवारी, १६ नोव्हेंबरला, दुपारी सुदर्शन माझ्याकडे आला. त्याचं दुसरं लग्न इंटरनेटवर जमलं होतं. मुलगी पूर्णिमा रंगराव चौखंडे, वय २६, तीही कॉम्प्युटरमध्येच. वडील रंगराव कारखान्यातून निवृत्त होऊन वारज्यालाच राहतात. कार्यालय ठरलं होतं. पण रंगरावांनी अट घातली होती की पहिलं लग्न जिने जमवलं त्या मुक्ताईमावशींनी शब्द दिला तरच पुढे जायचं. त्या शब्दासाठी तो आला होता. येताना चितळ्याची नाही, साधीच, पण ताजी बाकरवडी घेऊन आला होता.

मी नेहमीसारखं म्हणाले, "बाबा रे, माझा नियम तुला माहीत आहे. दीपमाला गेली त्या दिवशीचं मला सगळं सांग. समोरचे विचारतील तर मला बोलता आलं पाहिजे. माझ्या पोटातून बाहेर काही येत नाही."

तो म्हणाला, "सगळं सांगायचं ना मावशी? नंतर कोणी म्हणायला नको, लपवलं म्हणून."

मी म्हणाले, सगळं.

तो म्हणाला, "तो अपघात नव्हता. मी बाहेरून कडी लावली होती."

बाथरूमला बाहेरूनही कडी असते, ती वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावतात, हे साहेबांना माहीत आहेच. मी विचारलं, चुकून? तो म्हणाला, "नाही. झडप बंद होती, गिझर चालू होता. मी कडी लावली आणि टेबलाशी बसलो. नंतर काढली." मी विचारलं, का रे? त्याने सांगितलं की दोन वर्षं पटत नव्हतं. तिला पुणं सोडायचं नव्हतं, त्याला कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. मग म्हणाला, "घटस्फोट घेतला असता, पण घटस्फोटिताला चांगल्या घरातली मुलगी कोण देतं? तुमच्याकडेच बघा ना मावशी. विधुर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

हे तो ज्या आवाजात बोलला तो आवाज मला इथे लिहून देता येत नाही. जुनी गाडी विकताना माणूस दारावरचा पोचा दाखवतो ना, घ्या, हे एवढंच आहे म्हणून, तसं तो बोलत होता. पश्चात्ताप वगैरे काही नाही. माझाच नियम घेऊन आला होता आणि माझ्याच पदरात सगळं रिकामं करून मोकळा झाला होता. मग त्याने हात धुवायला बाथरूम कुठे आहे विचारलं. मी बोट दाखवलं. धुऊन आला, बाकरवडीचा पुडा माझ्याकडे सरकवला, वाकून नमस्कार केला आणि गेला. जाताना म्हणाला, "आता मन हलकं झालं."

आमच्या जिन्याखाली नसीमबानूचं बांगड्यांचं दुकान आहे. ती थोड्या वेळाने वर आली. म्हणाली, "ताई, तुमचा पाहुणा हौशी आहे हां! हिरवा चुडा बघून गेला. मी म्हटलं, माप काय? तर म्हणतो, मनगट बारीक आहे, पहिलीपेक्षा बारीक." नसीमबानू हसत होती. मी पुडा तसाच तिच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

मला भीती वाटली. त्याची वाटली आणि माझीही वाटली, कारण तो गेल्यावर पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती पोलिसांची नव्हती. मी विचार केला तो हा, की या स्थळाला काय उत्तर द्यायचं. बावीस वर्षांची सवय. एक बाई मेली होती आणि मी स्थळाचा विचार करत होते. हे लिहा.

दुसऱ्या दिवशी मी रंगरावांना फोन केला आणि म्हणाले, "रंगराव, माझा शब्द नाही." त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, कारण मी सांगत नाही. ते हसले. म्हणाले, "मावशी, मुलांनी कॉम्प्युटरवर एकमेकांना पसंत केलं म्हणून रुसलात होय? तुमची फी तुम्हाला घरपोच करतो. आता जमाना बदलला." मी फोन ठेवला. कारण न देता नाही म्हटलं की माणूस मागे फिरतो, हे गृहीत धरून मी माझ्या परीने त्या मुलीला वाचवलं होतं. रंगरावांच्या कानावर मात्र एका म्हातारीची कुरकुर पडली. मी गप्प बसले.

गेल्या सोमवारी लग्नाची पत्रिका आली. हळदकुंकू लावलेली, पत्ता सुदर्शनच्या अक्षरात. लग्न ५ डिसेंबरला, म्हणजे परवा रविवारी, वारज्याच्या कार्यालयात. पत्रिकेत आमच्या दोघांची नावं प्रेमळ आग्रह करणाऱ्यांमध्ये छापलेली होती.

माझे पती रामदास यांना मी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, "पोलिसांत का गेली नाहीस?" मी म्हणाले, शब्द दिला होता, पोटात ठेवायचा. डॉक्टर ठेवतात, वकील ठेवतात. ते म्हणाले, "वा! उद्या बोहारीणही म्हणेल, माझं भांड्यांचं गुपित आहे. तू लग्नं जुळवतेस मुक्ता. ठेव, ठेव पोटात. दुसरी गेली की तिच्याही तेराव्याला जाऊन ये." आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली, एवढं तोडून ते कधी बोलले नव्हते. मी रडले. त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि बरं केलं.

बुधवारी सकाळी मी वारज्याला रंगरावांकडे गेले. घरात बायका रुखवताची मांडामांड करत होत्या, कोणी लोकरीचं तोरण विणत होतं. मी रंगरावांना आतल्या खोलीत बोलावलं आणि जे ऐकलं ते सांगितलं. कारण सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. ते आधी ऐकत होते, मग त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "तेव्हा पोलीस आले, डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात? पुरावा काय?" मी म्हणाले, तो स्वतः बोलला. "तिथे तिसरं कोण होतं?" मी म्हणाले, कोणी नाही. "मग चहा घ्या आणि निघा. माझ्या पोरीच्या लग्नात मिठाचा खडा टाकू नका." दार उघडंच होतं. बाहेर बायका गप्प झाल्या होत्या. मी चहा घेतला नाही.

पूर्णिमा माझ्यामागे खाली आली आणि बसस्टॉपपर्यंत चालत राहिली. मुलगी शांत आहे, ठाम आहे. म्हणाली, "मावशी, प्लीज ऐका. मला सगळं माहीत आहे. त्यांनी फर्स्ट मीटिंगलाच सांगितलं." तिने सांगितलं ते असं: दार वाऱ्याने उघडायचं म्हणून बाथरूमची बाहेरची कडी लावायची सुदर्शनला सवय होती. त्या दिवशी त्याने सवयीने कडी लावली आणि तो खाली दूध आणायला गेला. वर आला तेव्हा आतून काही आवाज नव्हता. कडी काढली तर दीपमाला खाली पडलेली. घाबरून त्याने कडीचं पोलिसांना सांगितलंच नाही. "इतके रडले मावशी माझ्यासमोर! इतकं खरं कोण सांगतं? बाकीचे तर पगारही वाढवून सांगतात."

मी म्हणाले, "पोरी, मला त्याने मुद्दाम लावली असं सांगितलं. आणि रडला नाही."

ती म्हणाली, "त्यांना गिल्ट आहे. ते स्वतःला खुनी समजतात. तुम्ही त्यांचं बोलणं शब्दशः धरलंत." तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दलची दया होती. मी एवढंच म्हणाले की मी पोलिसांत जाणार आहे. ती म्हणाली, "जा. पण रविवारपर्यंत आमच्याकडे येऊ नका. बाबांना बीपी आहे." बस आली. मी चढेपर्यंत ती माझा हात धरून होती.

काल गुरुवारी सकाळी सुदर्शनचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. "मावशी, तुम्ही सांगितलंत. तुम्ही कोणाचं कधी सांगत नाही असं सगळे म्हणतात. मला वाईट वाटलं." मग म्हणाला, "तुमच्याकडेही गॅसचाच गिझर आहे ना? त्या दिवशी हात धुताना पाहिला. काकांना सांगा, थंडी असली तरी झडप उघडी ठेवत जा. वय झालंय त्यांचं." आणि फोन ठेवला.

साहेब विचारतात, ही धमकी होती असं तुम्हाला वाटतं का. साहेब, शेजारी बोलला असता तर मी काळजी समजले असते. कालपासून आमच्याकडे चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, पाणी तापवतो. आज निघताना नसीमबानूला वर आमच्या घरात बसवून आले आहे. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही जा. मी दारातच बसते, कोण येतो बघते." माझ्या जिवाची भीती वाटली म्हणून मी आले असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. त्यात थोडं खरं आहे.

काल दुपारी मी स्वारगेटला गोदाबाईंकडे गेले. जायला पाय उचलत नव्हता. सुदर्शन त्यांना आई म्हणतो. दर महिन्याला त्यांची औषधं आणून देतो, दिवाळीला लुगडं नेसवतो. त्यांच्या खोलीत दीपमालेच्या फोटोला घातलेला हार ताजा होता, तोही त्यानेच पाठवलेला. मी सांगितलं. गोदाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी ती थापून तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाल्या, "माही पोरगी गेली. आता जावईबी न्याले आल्या काय तुम्ही?" मी म्हणाले, गोदाबाई, रविवारी दुसरीचं लग्न आहे, उद्या मी पोलिसांत जाते आहे. त्यांनी दुसरा गोळा थापायला घेतला. मी जिना उतरून रस्त्याला लागले तेव्हा मागून हाक आली. त्या पदर खोचून, हाताला पीठ तसंच, खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या किती वाजता जाता? मी येते."

आज आम्ही दोघी इथे आलो. साहेब प्रथम म्हणाले की घटना वारज्याची आहे, ही हद्द आमची नाही, शिवाय प्रकरण अपघात म्हणून बंद झालं आहे. मी म्हणाले, कबुली कसब्यात दिली, कसबा तुमच्याच हद्दीत आहे, आणि वारज्याच्या साहेबांना कळवायचं काम माझं की तुमचं? साहेबांनी जबाब घ्यायला सांगितलं. ते असंही म्हणाले की केवळ तोंडी कबुली, तीही तिसऱ्या माणसाशिवाय, कोर्टात टिकणं कठीण. आरोपी नाही म्हणेल, वकील म्हणेल तुमची फी बुडाली. रंगराव आधीच म्हणून चुकले आहेत, तेव्हा वकिलाला नवीन काही सुचणार नाही.

जबाब चालू असताना साहेबांनी खात्री करण्यासाठी रंगरावांच्या घरी फोन लावला. रंगराव तापले आणि त्यांनी फोन आपटला. सुदर्शनच्या ऑफिसात फोन केला तर तो लग्नाच्या रजेवर आहे असं सांगितलं. त्याचा मोबाइल बंद येतो. तो कुठे आहे हे या क्षणी कोणालाही माहीत नाही. साहेबांनी वारज्याला कळवलं आहे, तिकडून माणसं त्याच्या फ्लॅटवर जाणार आहेत. मी साहेबांना म्हणाले, चौखंड्यांच्या घरीही कोणाला तरी उभं करा. ते लिहून घेतलं आहे.

त्यानंतर पाऊण तासाने पूर्णिमा रिक्षाने इथे आली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी, ओली. पैसे द्यायला पर्समध्ये हात घालता येईना, म्हणून रिक्षावाल्याने तिच्यासमोर पर्स उघडून स्वतःच घेतले. घरी न सांगता आली होती. हवालदार शेख यांनी खुर्ची दिली तरी बसली नाही. हात पुढे धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, घरी पोलिसांचा फोन आला. आता एकदाच सांगा. त्यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं? तुमचं मत नको. त्यांचे शब्द सांगा."

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आत्तापर्यंत या जबाबात सांगितलेली नाही. रामदासांना, रंगरावांना, गोदाबाईंना, कोणालाही सांगितली नाही. गोदाबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत, मध्ये फक्त कपाट आहे, आणि आईच्या कानावर हे जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ही पोरगी ओले हात घेऊन समोर उभी होती आणि परवा त्या फ्लॅटमध्ये जाणार होती. मग मी सांगितलं.

सुदर्शनने कडी लावून टेबलाशी बसल्याचं सांगितलं, त्यावर मी त्याला विचारलं होतं, तिने हाक नाही मारली? तो म्हणाला, "मारली ना." मी विचारलं, काय म्हणाली? तो जरा आठवून म्हणाला, "आधी हसली. मग म्हणाली, अहो, पुरे झाली न गंमत. उघडा न, मले गरगरून राह्यलं. मग एकदा दार वाजवलं. मग काही नाही."

दीपमाला तीन वर्षांत पुण्याची झाली होती, माझ्याशी आमच्यासारखंच बोलायची. घाबरली की मात्र गावाकडचं तोंडात यायचं, हे मला ठाऊक होतं. सुदर्शनने ते तिच्याच बोलीत, तिच्याच हेलात म्हणून दाखवलं.

हवालदार शेख यांनी लिहिणं थांबवलं.

पूर्णिमा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ते तर खाली दूध आणायला गेले होते." ती साहेबांकडे वळली. "सर, वर आले तेव्हा आतून आवाज नव्हता म्हणाले मला. शपथ घेऊन म्हणाले." मग परत माझ्याकडे. "मावशी, ते खाली होते तर हे त्यांनी कुठून ऐकलं?"

उत्तर तिला नको होतं.

कपाटाच्या बाजूला गोदाबाई येऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "माही दीपीच हाय थे. लहानपणी भाऊ कोंडे तिले, त अशीच म्हणे. पुरे झाली न गंमत." एवढं बोलून त्यांनी भिंतीला हात टेकला. मी उठून त्यांना धरलं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, अजूनही बघवत नाही.

साहेबांनी पूर्णिमेला विचारलं, तुम्ही जबाब देणार का? घरी विचारायचं आहे का? ती म्हणाली, "लिहा माझा. त्यांनी मला जे सांगितलं ते सगळं लिहा, दुधासकट." हवालदार शेख म्हणाले की शेवटी सही लागेल, या हातांनी पेन धरता येणार नाही, अंगठा चालेल. ती म्हणाली, अंगठा नको, सही करीन.

ती मागच्या अंगणात नळावर हात धुवायला गेली आहे. मेंदीचा रंग अजून चढलेला नाही, लगेच निघेल. नळाची चावी घट्ट आहे म्हणून गोदाबाई सोबत गेल्या आहेत आणि तांब्याने तिच्या हातावर पाणी घालत आहेत.

सुदर्शनने माझ्याजवळ जे कबूल केलं ते मी कोणत्याही कोर्टात, त्याच्या तोंडासमोर सांगायला तयार आहे. यापुढे माझ्याकडे कोणी काही सांगायला आलं तर ते पोटात ठेवीनच असं वचन मी देणार नाही. मंडळ बंद पडलं तर पडो.

हवालदार शेख यांनी हा सगळा मजकूर मला अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवला. तीन ठिकाणी त्यांनी "मयत इसम" असं लिहिलं होतं, तिथे "दीपमाला" करून घेतलं. तिने मारलेली हाक त्यांनी शुद्ध करून लिहिली होती, ती खोडून तिची जशी होती तशी लिहायला लावली. आता माझ्या बोलण्यात आणि कागदात फरक नाही. म्हणून सही करते.

सही: सौ. मुक्ताई रामदास शाळिग्राम